चार वाजताची खाडी

२०२२ साली रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळालेल्या ठाणे खाडीचे पाणी ओसरले, की वाशीजवळ खारफुटीच्या कडेचा चिखल उघडा पडतो आणि त्यात चोच बुडवून चरणारे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसू लागतात. नववीतील एक विद्यार्थिनी रोज शाळा सुटल्यावर, दुपारी चार वाजता, ते मोजते. पहिल्या सोमवारी थवेच्या थवे होते. पुढच्या सोमवारी एकही पक्षी नाही. टॅबवर नोंदी आणि अनुमाने लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ‘दावा’ या चौकटीत तिने लिहिले आहे : ‘पक्षी खाडी सोडून जात आहेत.’

ठाण्यातील एक लहान गट तयार करत असलेल्या या सॉफ्टवेअरची कसोटी इथेच लागते. ‘भरतीची वेळ पाहा’ अशी सूचना पहिल्या आराखड्यात होती. ती काढली, हे योग्यच झाले. कारण तिच्यामुळे शोध सॉफ्टवेअरने लावला असता आणि मुलीकडे केवळ उत्तर उरले असते. प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान लिहिताना अनुमान आधीच ठाऊक असण्याची सवय आपण मुलांना पुरेशी लावली आहे.

आता मोजणीच्या आलेखाखाली, त्याच तारखा-वेळांना जुळवून, भरती-ओहोटीचा आलेख उघडता येतो. तो उघडायचा की नाही, हे मुलीने ठरवायचे. पुराव्याच्या चौकटीशी प्रश्न एकच आहे : ‘हेच आकडे आणखी कशामुळे आले असतील?’

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ब्रायन रायझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या एका सॉफ्टवेअरमध्येही, १९७७च्या दुष्काळात गॅलापागोसच्या डॅफ्ने मेजर बेटावरील काही फिंच पक्षी का तगले, हे मुलांनीच नोंदी पडताळून मांडायचे होते.

मुलगी आलेख उघडते. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. म्हणून पहिल्या सोमवारी चारला ओहोटी होती, तर आठवड्याने त्याच वेळी जवळपास पूर्ण भरती होती, आणि भरतीत पक्षी नेरुळच्या पाणथळींकडे जाऊन विसावतात. तिचा जुना दावा सॉफ्टवेअर पुसत नाही, त्याखालीच नव्याला जागा देते. पक्षी खरोखर कमी होत आहेत का, हे अजून ठरलेले नाही. त्यासाठी रोज ओहोटीलाच मोजणी करावी लागेल. मंगळवारची ओहोटी सकाळी सव्वादहाच्या सुमारास, ऐन शाळेच्या वेळेत आहे, आणि तिला आधी बाईंची परवानगी काढायची आहे.