रेट विचारण्याआधी हे विचारा! पडदे, रंगकाम, सुतारकाम, क्राफ्टचं सामान

नमस्कार मंडळी! घर सजवण्यावर काहीही टाकलं की खाली तेच तीन प्रश्न येतात. "ताई, पडद्याच्या दुकानाचं नाव सांगा." "चांगला पेंटर सुचवा." "मुंबईत सगळ्यात स्वस्त कुठे?" म्हणून आज यावरच बोलू.

आधी गल्ल्या, पटापट सांगते, कारण बहुतेक तुम्हाला माहीत आहेत. पडद्याचं, कुशनचं कापड: मंगलदास मार्केट. लेस, गोटा, लटकन, मणी: भुलेश्वर. कागद, कार्ड, रिबिनी, पॅकिंगचं सामान: क्रॉफर्ड मार्केटसमोरची अब्दुल रेहमान स्ट्रीट. दिवे, वायरिंग: लोहार चाळ. हत्यारं, खिळे, स्क्रू: नागदेवी. पणत्या, कुंड्या: धारावीचा कुंभारवाडा, नव्वद फुटी रोडवरून आत शिरायचं. कंदील: माहीमची कंदील गल्ली. लाकडी फर्निचर: जोगेश्वरीतलं ओशिवरा मार्केट. रविवारी घाऊक बाजारात जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. झालं.

आता तुम्ही म्हणाल, दुकानाचं नाव कुठाय? एकाने लिहिलंय, "नाव लपवता म्हणजे कमिशन असणार." नाही हो. मी गल्ली सांगते कारण एका गल्लीत एकाच मालाची दहा दुकानं शेजारी-शेजारी असतात आणि तुलना तिथेच होते. एक नाव दिलं की तुम्ही थेट तिथे जाल, पहिला भाव ऐकाल आणि घेऊन याल. तो भाव चांगला होता की नाही, हे कळणारच नाही.

आणि आजचा खरा मुद्दा हाच आहे. कमेंटमध्ये रोज वाचते, "मी रेट काढून आले, तीनशे सांगितला, बरोबर आहे का?" अहो, तीनशे कशाचे? मीटरचे? पॅनेलचे, म्हणजे पडद्याच्या एका शिवलेल्या भागाचे? शिलाई धरून? रिंगा धरून? आकड्यापुढे माप नसेल तर त्या रेटला काहीच अर्थ नाही. आणि "यात काय काय आलं?" हे विचारल्याशिवाय दोन दुकानांची तुलना होऊच शकत नाही.

पडद्यापासून सुरू करू. समजा तुमचा रॉड पाच फुटांचा आहे. खिडकी नाही, रॉड मोजायचा, कारण पडदा रॉडवर पसरतो. चुण्या छान पडायला घेर दुप्पट लागतो, म्हणजे दहा फूट, 120 इंच. आता कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, बघा. पन्हा 48 इंच असेल तर 120 ला अडीच पॅनेल लागतात. अर्धं पॅनेल कुणी शिवत नाही, म्हणून तीन. उंची सात फूट, वरखालच्या दुमडीला आणखी एक फूट. आठ फूट म्हणजे जवळजवळ अडीच मीटर. तीन पॅनेलचे साडेसात मीटर.

आता भाव. हे आकडे नुसते हिशोबासाठी घेतेय. एक दुकानदार म्हणतो, मीटरला 300. दुसरा म्हणतो, पॅनेलला 900, शिवून. ऐकताना पहिला स्वस्त वाटतो ना? साडेसात मीटरचे 2250 झाले. त्यात तीन पॅनेलची शिलाई धरा, 150 प्रमाणे 450. एकूण 2700. दुसऱ्याकडे तीन पॅनेल, तेही 2700! आणि पहिल्याकडे रिंगा वेगळ्या घ्यायला लागल्या, तर "स्वस्त" पडदाच महाग पडतो. मात्र दुसऱ्याला विचारा, 900 मध्ये पॅनेल किती फुटांचं? सातचं की नऊचं? आणि अस्तर?

पन्ह्याचं एवढ्यासाठी सांगते की ते कुणी विचारतच नाही. तेच कापड 54 इंच पन्ह्यात मिळालं तर दोन पॅनेलमध्ये 108 इंच होतात, घेर जरासाच कमी. साडेसात मीटरऐवजी पाच मीटर! मीटरचा भाव 350 असला तरी कापडाचे 1750 होतात, 2250 नाही. भाव जास्त, बिल कमी. मोठा बुट्टा असेल तर मात्र डिझाइन जुळवायला प्रत्येक पॅनेलमागे कापड वाढतं, ते दुकानातच विचारून घ्या. सुती कापड धुतल्यावर आटतं, तेही लक्षात ठेवा.

आता रंगकाम. माझी मावशी गिरगावात राहते. तिने हॉल रंगवायला दिला, रेट चौरस फुटाला ठरला. मावशीच्या डोक्यात खोली दहा बाय बारा, म्हणजे 120 फूट. काम संपलं, पेंटरने हिशोब दिला 516 फुटांचा. मावशी हादरली! दारातच आवाज चढले. पण मी स्वतः मोजून बघितलं, पेंटरचा आकडा बरोबर होता. चारी भिंतींची लांबी मिळून 44 फूट, उंची नऊ, म्हणजे 396. वर सीलिंगचे 120. झाले 516. तो खोटं बोलत नव्हता, मावशीही चुकीची नव्हती. दोघांचा चौरस फूट वेगवेगळा होता आणि "कशाचा फूट?" हे कुणी विचारलंच नव्हतं. एवढा चांगला कारागीर, पण आता मावशी त्याला बोलावत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

म्हणून पेंटरला विचारायचं: जमिनीचा फूट की भिंतीचा? दारं-खिडक्या वजा करणार का? पुट्टी, प्रायमर, जुना रंग घासणं यात आलं का? रंगाचे किती हात मारणार? नुसती मजुरी की मटेरियलसकट? आणि हे कागदावर लिहून घ्यायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर असलं तरी चालेल. यात कुणाचा अपमान नाही. चांगल्या कारागिराला उलट बरंच वाटतं, शेवटी भांडण होत नाही.

सुतारकामाचंही तसंच. कपाट सात फूट उंच, सहा फूट रुंद, म्हणजे समोरून 42 चौरस फूट. पण माळा त्यात धरला का? आतले ड्रॉवर वेगळे मोजणार का? बिजागऱ्या, चॅनेल (ड्रॉवर सरकायच्या पट्ट्या) कुणाचे? आणि प्लाय कोणता? नुसतं "वॉटरप्रूफ आहे हो" यावर जाऊ नका. शीटवर शिक्का बघा. IS 710 म्हणजे मरीन ग्रेड, पाण्यात टिकणारा, सिंकखालच्या कपाटाला हाच लावा. IS 303 मध्ये एमआर (थोडाफार ओलावा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा) असे दोन प्रकार असतात, त्यातला एमआर ओल्या जागी टिकत नाही. आणि मुंबईचा पावसाळा आपल्याला माहीतच आहे. आयएसआय मार्कासोबत लायसन्स नंबर असतो, तो हा मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून तपासता येतो. दुकानात उभं राहूनच तपासा, माल घरी आल्यावर उशीर झालेला असतो.

क्राफ्टवाल्या मैत्रिणींनो, "हे आम्हाला लागू नाही" म्हणू नका. भुलेश्वरला लेसचा भाव सांगतात तो मीटरचा की अख्ख्या रोलचा? रोल किती मीटरचा? मणी माळेवर की वजनावर? बटणं डझनावर की ग्रोसवर? ग्रोस म्हणजे बारा डझन, 144 नग. तुम्हाला दोन कुर्त्यांना हवीत तर एवढी करायची काय? फ्रेमवाल्याकडे तर आणखी गंमत. 12 बाय 18 इंचाच्या चित्राचा परीघ 60 इंच, म्हणजे पट्टी पाच फूट. चारी बाजूंनी दोन-दोन इंच माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी) घातलं की फ्रेम 16 बाय 22 ची होते, परीघ 76 इंच, सव्वासहा फुटांहून जास्त पट्टी. काचही वाढली. माउंटचे पैसे वेगळेच. म्हणून माउंट आधी ठरवा, भाव नंतर विचारा.

मखरासाठी अजूनही थर्माकोल विचारणारे आहेत. महाराष्ट्रात 2018 पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. पुठ्ठा, कापड, बांबू, कागद, किती सुंदर मखरं होतात यात! कृपया विचारूसुद्धा नका.

"ऑनलाइन स्वस्त मिळतं" म्हणणाऱ्यांना माझा विरोध नाही. फक्त तिथेही पडद्याखाली "एक नग" लिहिलंय की "दोनचा सेट", ते वाचा. आणि कापडाचा, वॉलपेपरचा तुकडा हातात घेऊन, घरच्या भिंतीला लावून, दिवसा आणि रात्री ट्यूबलाइटखाली बघायला मिळत असेल तर तो फायदा सोडू नका. मंगलदासमध्ये नमुन्याचं कापणं मागितलं तर पुष्कळ दुकानदार देतात. वॉलपेपरचे सगळे रोल एकाच बॅच नंबरचे घ्या, नाहीतर भिंतीवर रंगाचा फरक दिसतो. आणि ओल येणाऱ्या भिंतीला वॉलपेपर लावूच नका, आधी ओल काढा.

खाली पडद्यांबद्दल विचारणार असाल तर तीन गोष्टी लिहा: रॉडची रुंदी इंचात, रॉडपासून जिथे पडदा संपायला हवा तिथपर्यंतची उंची, आणि आवडलेल्या कापडाचा पन्हा. किती पॅनेल, किती मीटर, ते मी उत्तरात काढून देते.