केकचा थर उंच हवा? बेकिंग पावडर नको, टिन बदला

नमस्कार मंडळी! बडोद्यातून, आमच्या दांडिया बाजारच्या स्वयंपाकघरातून बोलतेय. बऱ्याच जणी विचारतात, "ताई, विकतच्या केकचा एकेक थर कसा जाडजूड असतो, आमचा मात्र चपटा होतो. बेकिंग पावडर वाढवू का?"

अजिबात नको. भाच्याच्या पहिल्या वाढदिवसाला मी तेच केलं होतं. एक चमचा पुरला असता तिथे दोन घातले. ओव्हनच्या काचेतून केक टम्म फुगलेला दिसत होता, सगळे खूश. आणि बघता बघता मधोमध खड्डा! गॅस भराभर तयार झाला, पण त्याला धरून ठेवणारा मैदा अजून शिजून घट्ट झाला नव्हता. बुडबुडे फुटले, केक बसला, वर जिभेवर कडवटपणा राहिला तो वेगळाच. म्हणून 125 ग्रॅम मैद्याला चहाचा एक सपाट चमचा, बस. सोबत दही-सोडा असेल तर त्याहून कमी.

उंची मिळते ती टिनमुळे. हे बघा, (दोन्ही टिन शेजारी ठेवून) हा 8 इंची, याचा तळ साधारण 50 चौरस इंच. आणि हा 6 इंची, याचा 28. तेच मिश्रण लहान टिनमध्ये ओतलं की जवळजवळ पावणेदोन पट उंच भरतं. टिन मात्र 3 इंच खोल हवा. मांडवीकडे भांडी घ्यायला गेलात तर पट्टी सोबत न्या आणि खोली मोजूनच घ्या. मिश्रण अर्ध्यापर्यंत, फार तर दोन तृतीयांश भरा. कडेचा बटर पेपर टिनच्या वर इंचभर येऊ द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. केकला मधे घुमट का येतो? टिनचा पत्रा आधी तापतो, त्यामुळे कडेचं मिश्रण लवकर घट्ट होतं आणि तिथेच थांबतं. मधलं मात्र फुगतच राहतं, वर येऊन तडकतं. मग तो घुमट कापून टाकायचा, म्हणजे कमावलेली उंची गेली. यावर माझा उपाय म्हणजे जुना सुती पंचा. हा बघा, चार बोटं रुंद पट्टी फाडली, पाण्यात बुडवली. पिळताना इतपतच पिळायची की थेंब गळू नयेत, पण हाताला गार ओली लागावी. ती फॉइलमध्ये गुंडाळायची, टिनभोवती घट्ट लपेटायची आणि सेफ्टी पिन लावायची. ओल्या कापडामुळे कडा हळू तापतात, त्यामुळे कड आणि मध्य बरोबरीने वर चढतात. कापड सुतीच घ्या, नायलॉन उष्णतेने आकसू किंवा वितळू शकतं. आणि ओटीजीच्या, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनच्या, तापणाऱ्या रॉडला ते टेकता कामा नये.

आमचे अप्पा अंडं खात नाहीत, म्हणून घरी केक दह्याचाच होतो. दीड कप मैदा, एक कप घट्ट दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, थोडा व्हॅनिला. दह्याचा आंबटपणा आणि सोडा भेटले की फेस लगेच सुरू होतो. त्यामुळे ओव्हन आधीच तापलेला हवा, टिन तयार हवा. मैदा चाळून घाला आणि पांढरे पट्टे दिसेनासे झाले की हात थांबवा. जास्त फेटलंत तर केक चिवट होतो.

बटरचा केक करत असाल तर बडोद्याच्या मे महिन्यात जरा जपा. बटर बोटाने दाबलं की खळगा पडावा, पण ते चकचकीत, पातळ दिसू नये. वितळलेल्या बटरमध्ये हवा टिकत नाही.

तापमान नेहमीचं 180 नव्हे, 160 अंश सेल्सिअस. वेळ जास्त लागतो, 50 मिनिटं धरा, ओल्या पट्टीमुळे थोडी अधिकच. पहिला अर्धा तास दार उघडायचं नाही, कितीही उत्सुकता असली तरी. मधोमध घातलेली काडी कोरडी आली की बाहेर काढा, दहा मिनिटं टिनमध्येच राहू द्या, मग जाळीवर काढा.

हा कालचा, रात्रभर गार झालेला. पट्टी लावते... सव्वादोन इंच, आणि माथा बघा, सपाट! कापायला सुरी नको. शिवणाचा दोरा केकच्या कमरेभोवती फिरवा, दोन्ही टोकं समोर फुलीसारखी धरा आणि हळूच ओढा. (थर उचलून) अशी एकसारखी जाळी पडायला हवी.