मुदतवाढीच्या टेबलावर खेळाडूच्या बाजूने कोण?

अध्यक्षबाई, वाचनालयाची कार्यकर्ती मंडळी आणि एवढ्या पावसातून फोंड्याला पोचलेले तुम्ही सगळे, नमस्कार. मघाशी दारातच एका काकांनी विचारलं, हॉकी म्हणजे म्हापशाच्या पेडेंच्या मैदानावरची ना? नाही काका, ही बर्फावरची, एनएचएलची, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या व्यावसायिक लीगची. आपल्याकडे सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजतो तेव्हा तिकडे पूर्वेकडच्या शहरांत सामना ऐन रंगात असतो. फॅन्टसी लीग, म्हणजे खऱ्या खेळाडूंचे कागदावर संघ बांधून खेळायचा खेळ, इथल्या क्रिकेटवेड्या पोरांना सांगायला नको. आमच्याकडे मात्र खेळाडू एका सामन्यापुरता घेत नाहीत. लिलावात त्याचा पगार ठरतो, वर्षं ठरतात आणि करार संपत आला की मुदतवाढीची बोलणी करावी लागतात. आज मला त्या बोलण्यांविषयीच बोलायचं आहे, कारण बहुतेक लीगांत ती होतच नाहीत. तिथे सूत्र असतं. गेल्या हंगामातले गुण, म्हणजे गोल आणि गोलला केलेली मदत, घ्या, ठरलेल्या आकड्याने गुणा, झाला नवा पगार. खेळाडूला कुणी विचारतच नाही.

आमच्या लीगमध्ये प्रत्येक खेळाडूला एजंट असतो. दुसऱ्या संघाचा मॅनेजर चिठ्ठी टाकून एजंट नेमला जातो आणि त्याने त्या खेळाडूच्या भल्यासाठी भांडायचं असतं. २०२५च्या चवथीच्या आदल्या दिवसाची गोष्ट सांगतो. कोलोराडोचा केल मकार, आजच्या घडीचा बहुधा सर्वांत चांगला बचावपटू, माझ्या संघात होता आणि आमच्या लीगमधला त्याचा करार संपायला आला होता. त्याचा एजंट म्हणजे सावईवेऱ्याचा आमचा एक बागायतदार मित्र. फोनवर बोलायला तयार नाही. म्हणाला, घरी ये, पण मी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळांची आरास, बांधतोय, तर हात लावावा लागेल.

गेलो. हा शिडीवर. खाली सुपारीचे घोस, नारळाची पेंड, चिबूड, तोरिंजनं, रानातून आणलेली कांगलं, आणि बाजूला केवणीचे दोर भिजत घातलेले. मी एकेक फळ वर द्यायचं आणि त्याने गाठ मारायची. मी म्हटलं, पाच वर्षं, दरसाल १ कोटी १० लाख डॉलर. (आमचे डॉलर कागदावरचे, पण पगाराची कमाल मर्यादा, म्हणजे कॅप, एनएचएलचीच.) त्याने खाली न बघता विचारलं, "कॅप यंदा किती?" म्हटलं, ९ कोटी ५५ लाख. "पुढच्या वर्षी?" १० कोटी ४० लाख. "आणि त्याच्या पुढच्या?" ११ कोटी ३५ लाख. हे आकडे लीगने जानेवारीतच जाहीर केले होते. "मग आजच्या भावाने पाच वर्षं माझा पोरगा का बांधून घेईल? तोरिंजन दे."

दिलं. पाचांची चार केली. तो गप्प. पैसे वाढवले, तरी गप्प. एका चिबडाची गाठ सुटली, ती त्याने पुन्हा बांधली, हलवून बघितली. मग म्हणाला, "पैशाचं जमेल रे. पण तुझ्या संघात गोलरक्षक कुठाय? मकारने रोज जीव तोडून खेळायचं आणि मागे जाळं उघडं?" त्या क्षणी मला हा खेळ नव्याने कळला. समोरचा माणूस आकड्यांच्या पलीकडचं काही मागत होता, आणि ते मागणं रास्त होतं. शेवटी तीन वर्षं, १ कोटी २० लाख, माझ्या मर्जीने दुसऱ्या संघाला विकायचा नाही ही अट, आणि लिलावात पहिल्या दर्जाचा गोलरक्षक घेण्याचं वचन. माटोळीला हात जोडून वचन दिलं, त्यामुळे मोडायचा प्रश्नच नव्हता. लिलावात विनिपेगच्या हेलेबकसाठी मी शेवटपर्यंत हात खाली घेतला नाही. चवथीच्या जेवणातल्या खतखत्याबद्दलही सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे बघितलेलं मला दिसलं.

हे सगळं आमच्याच डोक्यातलं खूळ नाही, याचा पुरावा त्याच वर्षी खऱ्या लीगने दिला. मिनेसोटाच्या किरिल काप्रिझोव्हने दरसाल १ कोटी ६० लाखांचा देकार नाकारल्याच्या बातम्या आल्या आणि ३० सप्टेंबरला त्याने आठ वर्षांसाठी एकूण १३ कोटी ६० लाख डॉलरवर सही केली. एनएचएलच्या इतिहासातला हा तोवरचा सर्वांत मोठा करार. पुढच्याच आठवड्यात एडमंटनच्या कॉनर मॅकडेव्हिडने सही केली, ती फक्त दोन वर्षांसाठी, आणि २०१८पासून चालत आलेल्या दरसाल १ कोटी २५ लाखांवरच. एक पैसा वाढवून घेतला नाही. आता सूत्र लावा. आदल्या हंगामात मॅकडेव्हिडचे ६७ सामन्यांत १०० गुण, दुखापतींमुळे काप्रिझोव्हचे ४१ सामन्यांत ५६. सूत्राने मॅकडेव्हिडचा पगार वर जायला हवा होता. पण त्याला चषक हवा आहे. आपला पगार न वाढवता त्याने संघाला इतर खेळाडू घ्यायला जागा ठेवली, आणि मुदत छोटी ठेवून संघावर दडपणही ठेवलं. ही बुद्धी कुठल्या सूत्रात बसवणार?

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. मूळ विषय, म्हणजे या बोलण्यांना कोणते नियम हवेत, तो भराभर उरकतो.

पहिलं म्हणजे मुदतीला वरची मर्यादा हवी. एनएचएलमध्ये आपल्याच खेळाडूला सप्टेंबर २०२६पर्यंत आठ वर्षं, आणि तिथून पुढे लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या नव्या करारानुसार सात. आमच्याकडे पाच आहेत, माझ्या मते चार पुरे.

त्याहून महत्त्वाचं, मुदतवाढीचा भार देणाऱ्यावरच राहिला पाहिजे. आमच्यात एक मॅनेजर सगळ्यांना लांबलचक करार वाटून मोकळा झाला आणि लीग सोडून गेला, संघ घेणारा नवा मुलगा अजून निस्तरतोय. हे मानशीच्या, म्हणजे खाडीच्या बांधातल्या दारांच्या, पावणीसारखं, लिलावासारखं आहे: एका वर्षासाठी मानस घेणारा मासळीसाठी दारं नको तेव्हा उघडी ठेवतो, खारं पाणी शेतात शिरतं आणि खाजन, म्हणजे बांधाआडची शेतजमीन, दुसऱ्याचं बुडतं. न्यूयॉर्क आयलंडर्सने २००६मध्ये रिक डिपिएट्रो या गोलरक्षकाला १५ वर्षांचा करार दिला, २०१३मध्ये तो मोडला, आणि उरलेल्या रकमेच्या दोन तृतीयांश पैसे, दरसाल १५ लाख डॉलर, ते २०२९पर्यंत भरताहेत. आपल्याकडे तर करार मोडणाऱ्याच्या कॅपमधूनच पैसे कापले जावेत, उरलेल्या मुदतीच्या दुप्पट वर्षं. आणि जो लीग सोडेल त्याने आधी आपले लांबचे करार निकाली काढावेत.

तिसरं, ज्यासाठी मी मुळात इथे आलो. एजंट लीगबाहेरचे हवेत. मॅनेजरच एजंट असला की आज तू माझा खेळाडू मला स्वस्तात सोड, उद्या मी तुझा, असं सुरू होतं. आमच्यात ते सुरू झालेलं आहे आणि मला त्याचा मनापासून त्रास होतो. करार संपायला एक वर्ष उरलं की १ जुलैपासून बोलणी करता येतात, हा एनएचएलचा नियम आम्हीही पाळतो. तोवर एजंटांची यादी तयार हवी. हॉकी यायलाच हवी असं नाही, ती एका संध्याकाळी शिकवतो. घासाघीस यायला हवी. मागच्या रांगेत बाजारात बसणाऱ्या दोन मावश्या मला दिसताहेत, त्यांनी खाली चहाच्या टेबलापाशी आधी मला भेटावं. वही आणली आहे.