बाटलीवरचं साल

नमस्कार श्रोतेहो. आज शातो लातूरबद्दल बोलू या. मराठवाड्यातलं नव्हे, फ्रान्समधलं. बोर्दो शहराच्या उत्तरेला मेदोक पट्ट्यात पोयाक नावाचं गाव आहे, तिथली ही वाइनच्या द्राक्षांची बाग. बोर्दोच्या वाइनच्या १८५५च्या प्रतवारीत रेड वाइनच्या पहिल्या प्रतीत चारच नावं होती, त्यातलं हे एक.

इथली मुख्य वाइन येते 'लांक्लो' या ४७ हेक्टरच्या सलग तुकड्यातून. वर गोट्यांचा थर, खाली चिकणमाती. गोट्यांमुळे पाणी साचत नाही आणि दिवसाची ऊब मुळाशी टिकते. खालची माती उन्हाळ्यापुरती ओल राखते. २००३च्या उष्म्यात बोर्दोतल्या कितीतरी बागा होरपळल्या, लातूरची वाइन मात्र उत्तम उतरली, ती या चिकणमातीच्या जोरावर. जिरोंद नदीचं रुंद पात्र अगदी जवळ असल्याने थंडीचीही धार बोथट होते. एप्रिल १९९१मध्ये बोर्दोभर कोवळी फूट करपली, तेव्हा इथलं नुकसान तुलनेने कमी होतं.

तरीही बाटलीवरचं साल, म्हणजे द्राक्षं काढल्याचं वर्ष, बघावंच लागतं. आपल्या नाशिककडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी: नव्या फुटीसाठी खरड छाटणी वेगळी, फळासाठी गोडी छाटणी वेगळी. तिकडे थंडीत एकदाच छाटणी, वसंतात फूट, जूनच्या सुमारास फुलोरा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणी. फुलोऱ्यात गारठा किंवा पाऊस आला की गळ होते. १९६१ साली तेच झालं, पीक फारच थोडं आलं. पण पुढे ऑगस्ट कोरडा गेला, सप्टेंबर उबदार. वेलीवर मोजके घड, सगळा रस त्यांच्यातच. ती वाइन आजही मातब्बर मानतात. उलट १९८२ला फुलोरा झकास, पीक भरघोस, आणि वाइनही पहिल्या दर्जाची. म्हणजे कमी पीक म्हणजेच चांगली वाइन, हा नियम सरसकट लावू नये.

इथे कॅबर्ने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं जास्त, जोडीला मेर्लो जातीची. कॅबर्नेचा मणी लहान, त्याची साल जाड. ती पुरती पिकली नाही तर वाइनला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो आणि तोंड आवळतं. आंबवल्यानंतर वाइन २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत साधारण दीड वर्ष मुरते. साधारण दर तीन महिन्यांनी गाळ मागे ठेवून ती दुसऱ्या पिंपात ओतायची. गढूळपणा आणि तुरटपणा उतरवायला मेदोकची जुनी रीत म्हणजे पिंपामागे पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक. तो तुरट कण धरून तळाशी बसतो.

आता जुनी बाटली हाती आली तर. आधी बुचाखालची पातळी बघा. वाइन बाटलीच्या खांद्याच्या खाली उतरली असेल तर आत हवा शिरलीय असं समजा. बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा, म्हणजे गाळ तळाशी बसेल. तीस-चाळीस वर्षांचं बूच ठिसूळ असतं, मळसूत्री ओपनरने त्याचा भुगा होतो. दोन पात्यांचा ओपनर कडेने हळूहळू सरकवा आणि फिरवत वर घ्या. मग बाटलीच्या मानेखाली टॉर्च धरून एकाच संथ धारेने काचेच्या सुरईत ओता. मध्येच बाटली सरळ केलीत की गाळ उसळलाच! मानेत काळपट रेघ दिसली की थांबा. तळाचं बोटभर सोडून द्या. अशी वृद्ध वाइन लगेच प्यावी, तासा-दोन तासांत तिचा वास विरतो. दहा-बारा वर्षांच्या तरण्या बाटलीला मात्र सुरईत दोन-तीन तास द्यावेत.

ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर दोष बुचाचा. कितीही वेळ उघडी ठेवा, तो जाणार नाही.

आणि आपल्याकडचा उन्हाळा! अशी बाटली बारा-तेरा अंशांवर, अंधारात, आडवी हवी. स्वयंपाकघरातल्या कपाटात मे महिना काढला की वाइन फुगून बूच वर येतं, मानेशी चिकट ओघळ दिसतो. तो दिसला तर विकणारा कोणतंही साल सांगो, पैसे मोजू नका.