ध्रुवावरचा बर्फ कमी झाला की समुद्राचे प्रवाह का बदलतात?

समुद्री बर्फ वितळला की समुद्राची पातळी वाढते, असं बऱ्याच जणांना वाटतं. तो बर्फ आधीच पाण्यावर तरंगत असतो, त्यामुळे पातळीत जेमतेम फरक पडतो. खरी उलथापालथ होते ती मिठात.

समुद्राचं पाणी साधारण उणे १.८ अंशाला गोठतं. एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं; पहिल्या हिवाळ्यातल्या बर्फात उरतं जेमतेम पाचेक ग्रॅम. बाकीचं खालच्या पाण्यात उतरतं आणि ते पाणी जड होतं. अंटार्क्टिकात, वेडेल आणि रॉस समुद्राच्या किनाऱ्याला, जमिनीवरून सुटणारा वारा तयार झालेला बर्फ पुढे ढकलत राहतो. मोकळं झालेलं पाणी पुन्हा गोठतं, पुन्हा मीठ टाकतं. हे जड पाणी उतारावरून महासागराच्या तळाला जातं, सोबत ऑक्सिजन नेतं. बर्फ कमी धरला, की हा पुरवठाच आटतो.

उत्तरेकडे भानगड वेगळी. तिथे बर्फ गोठतो एकीकडे आणि वितळतो भलतीकडे. ग्रीनलंड आणि नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांमधल्या फ्राम सामुद्रधुनीतून तो दक्षिणेला वाहतो. म्हणजे गोडं पाणीच वाहून जातं. १९६० च्या दशकाच्या शेवटी हा ओघ फार वाढला. कॅनडा आणि ग्रीनलंडमधल्या लॅब्राडोर समुद्रावर गोड्या पाण्याचा हलका थर पसरला, आणि सलग काही हिवाळे तिथलं पाणी गार होऊनही खोल बुडेना. नीट लक्षात घ्या: नुसतं गार असून भागत नाही, खारटही असावं लागतं.

अजून एक अडचण. बर्फावरून येणारा गारठलेला वारा मोकळ्या पाण्यावर उतरतो तिथे, बर्फाच्या कडेलगत, पाणी सर्वांत जास्त उष्णता गमावतं. ग्रीनलंड समुद्रात ही कडच पाणी बुडण्याच्या जागेपासून मागे सरकली आहे.

‘गल्फ स्ट्रीम बंद पडणार’ असं कुठे वाचलंत, तर जरा थांबा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचा हा ऊबदार प्रवाह मुख्यतः वाऱ्यावर चालतो. धोका आहे अटलांटिकच्या उभ्या अभिसरणाला: वरचं ऊबदार पाणी उत्तरेला जातं, गार होऊन बुडतं आणि खोलून दक्षिणेला परततं. २६.५ अंश उत्तर अक्षांशावर २००४ पासून त्याची मोजणी चालू आहे: सेकंदाला सरासरी सुमारे १.७ कोटी घनमीटर पाणी. ग्रीनलंडच्या हिमस्तराचं पाणी आणि समुद्राचं तापणंही त्याला मंदावू शकतं. दोष एकट्या समुद्री बर्फाचा नाही. ते फार मंदावलं तर वायव्य युरोपला मिळणारी ऊब घटेल आणि विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकेल.

स्थानिक परिणामासाठी मात्र इतकं थांबावं लागत नाही. बर्फावरचं हिम ८० टक्क्यांहून जास्त ऊन परतवतं, मोकळं पाणी जेमतेम ६ टक्के. नॉर्वे-रशियाच्या उत्तरेच्या बॅरंट्स समुद्रात उन्हाळ्यात मुरलेली उष्णता शरद ऋतूत हवेत परत येते, त्यामुळे बर्फ उशिरा धरतो. त्याने जेट स्ट्रीम (खूप उंचावरून पश्चिमेकडून वाहणारा वेगवान वारा) वेडावाकडा होऊन दक्षिणेत थंडीच्या लाटा येतात का? यावर संशोधकांचं एकमत नाही. कोणी ठामपणे ‘हो’ म्हणत असेल, तर पुरावा मागा.