टाइमस्टॅम्प अडतो कुठे?

मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या ड्रॉवरमध्ये डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटचं, टोकन असतं. पीडीएफवर सही केली, हिरवी खूण आली की आपण खूश. पण ती सही उघडून वाचा. टाइमस्टॅम्प, म्हणजे वेळेचा बाहेरून आलेला शिक्का, नसेल तर ॲक्रोबॅट सरळ सांगतो, की ही वेळ सही करणाऱ्याच्या कॉम्प्युटरच्या घड्याळातली आहे. म्हणजे घड्याळ मागे केलंत, तर तीच तारीख लागणार! म्हणून वेळ सांगायला त्रयस्थ लागतो.

त्या त्रयस्थाकडे आपला कागद जात नाही, हे आधी लक्षात घ्या. 2001 सालच्या आरएफसी 3161 या इंटरनेट मानकाप्रमाणे जातो तो फक्त हॅश, म्हणजे कागदाचा गणिती ठसा. एसएचए-256 असेल तर जेमतेम 32 बाइट. सर्व्हर त्याला वेळ जोडतो, त्यावर स्वतःची सही करतो आणि परत पाठवतो.

तेव्हा इथे सर्टिफिकेटं, म्हणजे डिजिटल ओळखपत्रं, दोन आली. एक एचटीटीपीएसच्या, म्हणजे सुरक्षित, जोडणीचं, दुसरं त्या शिक्क्याचं. सॉफ्टवेअर मात्र दोन्हीपैकी कुठलंही अडलं तरी ‘टाइमस्टॅम्प मिळाला नाही’ एवढंच म्हणून मोकळं होतं. शिक्क्यावर सही असतेच, म्हणून कित्येक टाइमस्टॅम्प सर्व्हर साध्या एचटीटीपीवर चालतात. तो पत्ता बघून कुणीतरी दचकतो, पुढे एस जोडतो, आणि 443 वर, म्हणजे एचटीटीपीएसच्या पोर्टवर, कुणी ऐकतच नसतं. हे मी स्वतः केलंय, म्हणून सांगतो.

एका ऑफिसात मात्र पत्ता खरोखरच एचटीटीपीएसचा होता. सही करायची युटिलिटी जावाची. ऑफिसच्या नेटवर सही अडायची, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर झटक्यात व्हायची. त्यांचे आयटीवाले म्हणाले, ‘‘ब्राउझरमध्ये पत्ता उघडतोय की, आमच्याकडून सगळं ओके.’’ मी ब्राउझरमध्ये कुलपाच्या चिन्हावर क्लिक केलं आणि सर्टिफिकेट कुणी दिलंय ते बघितलं. तिथे नाव होतं त्यांच्याच फायरवॉलचं! तो मधे बसून जोडणी उघडून तपासायचा आणि पुढे आपलं सर्टिफिकेट चिकटवायचा. त्याचं रूट, म्हणजे मूळ सर्टिफिकेट, विंडोजमध्ये टाकलेलं होतं, म्हणून ब्राउझर गप्प. जावा विश्वासाची यादी वेगळी ठेवते, सीएसर्ट्स (cacerts) नावाच्या फाइलमध्ये. तिथे ते रूट नव्हतं, म्हणून सही अडायची.

उपाय दोन: त्या फाइलमध्ये रूट टाका, नाहीतर तेवढा एक सर्व्हर फायरवॉलच्या तपासणीतून वगळा. मी दुसरा सुचवला, कारण जावा नव्याने टाकली की फाइल बदलते आणि पुन्हा फोन येतो. ‘‘सर्टिफिकेट तपासणंच बंद करता येईल का?’’ असंही एकाने विचारलं. मी नाही म्हटलं.

हॉटस्पॉटवरही अडलं तर? मग कॉम्प्युटरची तारीख बघा, मदरबोर्डवरचा सेल संपलेला असू शकतो. त्यानंतर जावाची आवृत्ती: जावा 7 बाहेरच्या सर्व्हरशी जोडताना टीएलएस 1.2 (एचटीटीपीएसमागच्या सुरक्षा-प्रोटोकॉलची आवृत्ती) आपणहून वापरत नाही, आणि हल्ली कित्येक सर्व्हर त्याखाली बोलत नाहीत. आणि पत्ता ब्राउझरमध्ये टाकल्यावर पान कोरं आलं किंवा एरर दिसली, तर घाबरू नका. सर्व्हरला हॅश हवाय, तुम्ही नुसतेच दारात जाऊन उभे राहिलात. पण दार उघडलं, एवढं त्यातून कळतं.