सांधा आणि सरळ रेषा: सॅटर्न-५चं १:१४४ मॉडेल बांधताना

मंडळी, रणगाड्याच्या मॉडेलवर चिखल असतो, गंज असतो, साखळ्या आणि जाळ्या असतात. एखादा सांधा थोडा चुकला तर त्याखाली झाकून जातो. रॉकेटला ती सोय नाही. उंच, पांढरा, गुळगुळीत दंडगोल. त्यावर सांध्याची उभी रेघ राहिली तर ती खोलीच्या दारातून दिसते. आणि तो दंडगोल जरा तिरका उभा राहिला, तर बाकीचं काम कितीही नाजूक असलं तरी नजर आधी तिथंच जाते. कुठला भाग कुठे लावायचा हे किटमधल्या पुस्तिकेत दिलेलंच असतं. आज मी जास्त वेळ देणार आहे तो सांधा आणि सरळपणा या दोन गोष्टींना, कारण पुस्तिका त्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही.

उदाहरण म्हणून सॅटर्न-५, म्हणजे अपोलो मोहिमांचं चंद्राकडे नेणारं रॉकेट, घेऊ, १:१४४ प्रमाणातलं प्लास्टिक किट. खरं यान ११०.६ मीटर उंच होतं, म्हणजे मॉडेल भरतं सुमारे ७६.८ सेंटिमीटर. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याचा व्यास १०.०६ मीटर, मॉडेलवर साधारण ७० मिलिमीटर. तिसरा टप्पा ६.६ मीटरचा, मॉडेलवर ४६ मिलिमीटर. हे आकडे कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा, काम करताना सतत लागतात. आणि किट घेण्याआधी घरातल्या शोकेसचा कप्पा मोजा. मुंबईतल्या घरांत कप्पे बहुतेक फूटभर उंचीचे असतात. अडीच फुटांचं यान त्यात उभं राहत नाही आणि आडवं ठेवलेलं रॉकेट बघवत नाही. जागाच नसेल तर याच प्रमाणातलं इस्रोचं पीएसएलव्ही करा. ४४.४ मीटरचं ते यान १:१४४मध्ये जेमतेम ३१ सेंटिमीटर होतं. सॅटर्नशेजारी पीएसएलव्ही एकाच प्रमाणात उभं केलं की दोन्ही यानांमधला फरक जसा डोळ्यांत भरतो, तसा कुठल्याही तक्त्यातून भरत नाही.

निपर (भाग कापायची पकड) हातात घेण्याआधी एक निर्णय करायचा: कुठल्या उड्डाणाचं यान? पीएसएलव्हीच्या बाबतीत हे लगेच पटतं, कारण एक्सएल प्रकाराला सहा स्ट्रॅप-ऑन (बाजूला बांधलेली छोटी रॉकेटं) असतात, क्यूएलला चार, डीएलला दोन आणि कोअर-अलोनला एकही नाही. ५ नोव्हेंबर २०१३ला मंगळयान घेऊन गेलेलं सी-२५ हे एक्सएल होतं. त्याला चार स्ट्रॅप-ऑन लावले तर ते सी-२५ राहत नाही. सॅटर्नचा प्रश्न जास्त फसवा आहे. १९६६ साली फ्लोरिडातल्या केप केनेडी तळावर ५००-एफ नावाचं एक यान उभं केलं होतं, उडवण्यासाठी नव्हे, तर तळावरची जुळणी तपासण्यासाठी. त्याच्या पहिल्या टप्प्यावर, दोन टाक्यांमधल्या इंटरटँक भागात, काळे चौकोन होते. उडालेल्या यानांवर तो भाग पांढरा आहे. बरीच किटं आणि त्यांचे रंगतक्ते ५००-एफवर बेतलेले आहेत. म्हणून १६ जुलै १९६९चं, अपोलो-११चं यान, म्हणजे एसए-५०६, हवं असेल तर रंगतक्ता बाजूला ठेवा आणि त्या दिवसाचे फोटो समोर ठेवा. नासाचे फोटो सहज मिळतात. चारही बाजूंचे छापून घ्या, कारण काळे-पांढरे पट्टे प्रत्येक बाजूला वेगळे दिसतात आणि मागची बाजू अंदाजाने रंगवली की चूक ठरलेली.

आता भाग सोडवणं. सगळी स्प्रू, म्हणजे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटी, साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. साच्यातून निघताना लागलेलं तेल राहिलं तर रंग तिथे पकडत नाही. भाग कापताना निपर भागाला टेकवून कापू नका. दोन मिलिमीटर दूर कापा, उरलेला दांडा ब्लेडने तासा आणि शेवटी वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) मारा. एका दणक्यात कापलं की प्लास्टिकला आतून पांढरट ताण पडतो किंवा खड्डा पडतो, आणि तो खड्डा नेमका सांध्याच्या कडेवर असतो. वॉटर पेपर मुंबईत नागदेवी स्ट्रीटला ४००पासून २०००पर्यंत सगळा मिळतो. ४००, ६००, १००० आणि २००० एवढे चार पुरतात.

टप्प्यांची नळकांडी सहसा दोन अर्ध्या भागांत येतात. हाच आजचा मुख्य भाग आहे, इथे घाई करू नका. आधी गोंदाशिवाय जुळवून बघा. दोन अर्धे टेपने बांधा आणि व्हर्निअर कॅलिपरने तीन ठिकाणी व्यास मोजा: सांध्यावर, सांध्याला काटकोनात आणि मधे. ७० आणि ६९ असे आकडे आले तर नळी अंडाकृती आहे, आणि वरचा टप्पा तिच्यावर कधीच नीट बसणार नाही. उपाय असा: दीड मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक शीटमधून आतल्या व्यासाच्या दोन-तीन चकत्या कापा आणि एका अर्ध्यात आतून चिकटवा. मग दुसरा अर्धा त्यांच्यावर दाबला जातो आणि गोलाई टिकते.

गोंद पातळ, ब्रशने लावायचा प्लास्टिक सिमेंट वापरा. अर्धे भाग घट्ट धरून ब्रशचं टोक फक्त सांध्याला टेकवा. तो केशाकर्षणाने आपोआप आत ओढला जातो. पाच सेकंद थांबून दाबा, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकचा बारीक मणी बाहेर येतो. तो मणी पुसू नका. तीच तुमची पुट्टी आहे, आणि मूळ प्लास्टिकचीच असल्यामुळे ती पुढे आकसून रेघ दाखवत नाही. फक्त ४८ तास हात लावायचा नाही. आत मऊ असतानाच घासलं तर वरून सपाट दिसतं, पण पुढच्या आठवड्यात आतलं प्लास्टिक बसतं आणि रंगाखालून चर उमटते. रंगवल्यावर सांधा परत दिसायला लागला अशी तक्रार जिथे असते, तिथे निम्म्या वेळा कारण हेच निघतं. फेविक्विकने नळकांडी जोडू नका. ते प्लास्टिक वितळवत नाही, नुसतं धरून ठेवतं. ते ठिसूळ असतं, आणि दमट हवेत भोवती पांढरी बुरशीसारखी झाक सोडतं.

सॅटर्नच्या काही पट्ट्यांत उभ्या कंगोऱ्यांचा पन्हाळी पृष्ठभाग आहे. सांधा तिथून जातो तेव्हा घासताना दोन-चार कंगोरे जाणारच. घासण्याआधी दोन्ही बाजूंना टेपचे दोन थर लावा, म्हणजे पेपर फक्त सांध्यावर चालेल. जे कंगोरे गेले ते परत बसवायचे. स्प्रूचा तुकडा मेणबत्तीवर मऊ करा, ज्योतीबाहेर काढा आणि सावकाश ओढा. केसाइतका बारीक प्लास्टिकचा धागा निघतो. तो मापाने कापून शेजारच्या कंगोऱ्याइतक्या अंतरावर सिमेंटच्या थेंबाने चिकटवा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण मॉडेलची पत इथेच ठरते.

आता सरळपणा. पहिल्या टप्प्याची उंची मॉडेलवर सुमारे २९ सेंटिमीटर. त्याच्या वरच्या कडेवर एका बाजूला अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटा राहिला, तर ७० मिलिमीटर रुंदीवर तो चिमुकला कोन होतो. पण वर आणखी ४७-४८ सेंटिमीटर यान आहे, त्यामुळे टोक साडेतीन मिलिमीटर बाजूला सरकतं. दुसऱ्या सांध्यावर तशीच चूक त्याच दिशेला झाली की ते डोळ्यांना स्पष्ट जाणवतं. म्हणून प्रत्येक टप्प्याच्या दोन्ही कडा सपाट करून घ्या: जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर चिकटवा, नळी उभी धरा आणि आठचा आकडा काढत फिरवा, दर चार फेऱ्यांनी नळी पाव वळसा फिरवून. गुण्याने कडा तपासा. जोडताना अॅल्युमिनियमचा एक मीटर लांबीचा एल-अँगल घ्या, तो व्हीसारखा, खाच वर करून दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवा आणि टप्पे त्या खाचेत झोपवा. तिसरा टप्पा बारीक असल्यामुळे त्याखाली कागदाचे गठ्ठे सरकवावे लागतात. व्यासांतला फरक २४ मिलिमीटर, पण खाचेत खाली उतरण्याचं अंतर त्याच्या निम्म्याहून जास्त, सुमारे १७ मिलिमीटर भरतं. हिशेब न करता १२ मिलिमीटरचा आधार दिला की टोक खाली झुकतं.

टप्पे एकमेकांना कायमचे चिकटवावेत का? माझं स्पष्ट मत आहे, चिकटवू नयेत. आतल्या चकत्यांत तीन-तीन लहान निओडिमियम चुंबकं बसवा, ध्रुव तपासून. रंगकाम टप्प्याटप्प्याने करता येतं, आणि मॉडेल लोकलने न्यायचं असेल तर दुसरा मार्गच नाही. वरचे टप्पे ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपमध्ये मावतात. पहिल्या टप्प्याला पंख आहेत. पंखांसकट तो १३३ मिलिमीटर रुंद होतो, त्याला १६० मिलिमीटरचा पाइप लागतो. दोन्ही पाइप प्लंबिंगच्या कुठल्याही दुकानात मिळतात.

रंगाबद्दल मुंबईत पहिला प्रश्न हवेचा. स्प्रेमधला थिनर उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड होतो. हवेत दमटपणा असेल तर त्यावर बाष्प जमतं आणि रंगात अडकून दुधट झाक येते. काळ्यावर आणि चकाकी असलेल्या क्लिअर कोटवर ती सर्वांत वाईट दिसते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत जुळणी, घासणी, कंगोरे ही कामं करा. फवारणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी ठेवा. घाई असेलच तर एसी दोन तास चालवून कोरड्या केलेल्या खोलीत मॉडेल ठेवा, गॅलरीत जाऊन एक पातळ थर मारा आणि लगेच आत आणा. फवारणी बंद खोलीत नको, आणि चाळीच्या सामाईक पॅसेजमध्ये तर मुळीच नको, शेजारच्या दारात शेगडी पेटलेली असते आणि थिनरची वाफ पेट घेते. साधा एन-९५ मास्क वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेसाठीच्या काडतुसाचा मास्क घ्या.

आधी करडा प्रायमर. तो लावला की लपलेली प्रत्येक चर दिसते. दिसली की परत घासा, परत प्रायमर मारा. मग पांढऱ्याचे तीन-चार पातळ थर, २० ते २५ सेंटिमीटरवरून. पांढरा जाड मारला तर कंगोऱ्यांच्या दऱ्या भरून जातात. काळा शेवटी. पट्ट्यांची आखणी करताना घेर मोजत बसू नका: कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळून टोक जुळेल तिथे कापा, दोनदा घडी घाला, घड्या म्हणजेच चार चतुर्थांश. घेर सुमारे २१९.५ मिलिमीटर येतो, एक चतुर्थांश ५५च्या जवळ. घड्यांची जागा पंखांशी जुळवा, नाहीतर सगळा नकाशा फिरतो. मास्किंग टेप बसवल्यावर तिच्या कडेवर आधी पांढऱ्याचाच एक झिरझिरीत थर मारा. टेपखालच्या फटी पांढऱ्याने बुजतात, मग काळा आत झिरपत नाही. कंगोऱ्यांवर हे केलं नाही तर पट्ट्याची कड दातेरी होते. टेप काढताना ती स्वतःवरच परत दुमडून, सावकाश ओढा.

दोन जागी बहुतेक मॉडेलं फोटोशी जुळत नाहीत. एक, कमांड मॉड्यूल. उड्डाणाच्या वेळी त्यावर पांढरं संरक्षक कवच असतं; चकचकीत चंदेरी कॅप्सूल तळावर दिसत नाही, चंदेरी दिसतं ते त्याखालचं सर्व्हिस मॉड्यूल. दोन, पहिल्या टप्प्याची पाच एफ-१ इंजिनं. संग्रहालयांत ती उघडी बघायला मिळतात, पण उडताना त्यांच्यावर उष्णतारोधक आवरण गुंडाळलेलं होतं. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल चुरगाळून परत सपाट करा आणि पातळ फेविकॉलने नॉझलवर बसवा. त्यावर अगदी पातळ करडा हात द्या म्हणजे चकाकी मरते.

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरं आणि चिन्हं, मॅट रंगावर लावू नका. खरखरीत पृष्ठभागाच्या खाचांत हवा अडकते आणि अक्षरांभोवती चंदेरी झाक उमटते. आधी ग्लॉस क्लिअर, मग डेकल, मग सॅटिन (कमी चकाकीचा) क्लिअर. जुन्या किटचं डेकल पिवळं पडलं असेल तर पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून उन्हात चिकटवा, काही दिवसांत बराच फरक पडतो. ते पाण्यात तुटेल अशी शंका असली तर आधी एक लहान, बिनकामाचं डेकल बुडवून बघा. तुटलं तर बाकीच्यांवर क्लिअरचा थर देऊन, तो पूर्ण वाळल्यावरच प्रत्येक डेकल कडेने कापून घ्या. उभ्या अक्षरांसाठी शेजारी टेपची एक सरळ पट्टी लावा आणि अक्षरं तिच्या कडेने बसवा.

सुटकेचा मनोरा, यानाच्या टोकावरचा तो जाळीचा, सर्वांत शेवटी. त्याच्या काड्यांवरची साच्याची रेघ पेपरने काढायला जाऊ नका, काडी मोडते. ब्लेडची धार आडवी धरून हलकं खरवडा. आणि एक काम मात्र फार आधीचं आहे, पहिला टप्पा बंद करण्याआधीचं: मधल्या इंजिनाच्या रेषेत आतून एम-५चा नट अराल्डाइटने पक्का बसवायचा, म्हणजे लाकडी बैठकीतून बोल्ट वर घेऊन यान आवळता येतं. नुसतं ठेवलेलं ७७ सेंटिमीटरचं हलकं प्लास्टिक छताच्या पंख्याच्या वाऱ्यानेही हलतं. मधलं इंजिन त्या बोल्टवर सरकवून बसवायचं, त्यामुळे त्याचा तळ आधीच सहा मिलिमीटरच्या ड्रिलने भोकून ठेवा.